बी नसलेल्या झाडाची वरात

माझ्या धाकट्या भावाचं लग्न होतं. हळदीचा दिवस. अंगणात मांडव, मांडवात पाट, पाटाभोवती ही गर्दी, आणि त्या गर्दीत सात वर्षांची माझी भाची पांढराशुभ्र फ्रॉक घालून मिरवत होती. हळदीच्या दिवशी पांढरा फ्रॉक! व्हायचं तेच झालं. कुणाचा तरी माखलेला हात तिच्या फ्रॉकला पुसला गेला आणि पोटावर पाच पिवळी बोटं उमटली.

ती धावत मोरीत गेली, साबणाची वडी घेतली आणि डाग खसाखसा चोळला. पुढच्याच क्षणी किंकाळी आली.

“मावशी, रक्त!”

सगळ्या बायका मोरीकडे धावल्या. बघतो तर काय, पिवळी बोटं लालभडक झालेली. लागलं तर कुठेच नव्हतं. मी स्वयंपाकघरातून सरबतासाठी कापलेलं अर्धं लिंबू आणलं आणि त्या लाल डागावर पिळलं. तो गुपचूप पिवळा झाला. भाचीनं डोळे पुसले, फ्रॉककडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “परत कर.”

मग काय, साबण लाव, लाल कर. लिंबू पिळ, पिवळं कर. बाहेर नवरदेवाला हळद लागत होती आणि आत आमचा हा कारखाना सुरू होता.

तुम्हीही करून बघा. चिमूटभर हळद चार थेंब पाण्यात कालवा, एका पांढऱ्या कागदावर फासा आणि वाळू द्या. त्यावर ओल्या साबणानं तुमचं नाव लिहा. नाव लाल उमटेल. कापसाचा बोळा लिंबाच्या रसात बुडवून नावावरून फिरवा. नाव गायब!

होतं असं की हळदीला तिचा पिवळेपणा देणाऱ्या द्रव्याचं नाव आहे करक्युमिन. या करक्युमिनचा एक स्वभाव आहे. आजूबाजूला काही आंबट असेल, म्हणजे लिंबू, चिंच, व्हिनेगर, तर ते पिवळंच राहतं. साबणासारखं बुळबुळीत काही आलं, म्हणजे शास्त्राच्या पुस्तकात ज्याला अल्कली म्हणतात ते आलं, की त्याच्या रेणूतला एखादा हायड्रोजन निसटतो. रेणूची घडी बदलते. घडी बदलली की तो प्रकाशातले वेगळे रंग गिळायला लागतो आणि आपल्याला लाल दिसतो. आंबट पदार्थ हरवलेला हायड्रोजन परत देतो, की पुन्हा पिवळा. अशा रंग बदलून सांगणाऱ्या पदार्थांना दर्शक म्हणतात. पुढे शाळेच्या प्रयोगशाळेत तुम्हाला लिटमसचा कागद भेटेल, तेव्हा त्याला सांगा की आमच्या मिसळणाच्या डब्यात तुझी बहीण राहते.

आता घरातली कोयरी आठवा. तीच ती, आंब्याच्या आकाराची, दोन वाट्यांची, सवाष्णींच्या पुढे फिरते ती. एका वाटीत हळद, दुसरीत कुंकू. एक पिवळं, एक लाल. पण जुन्या पद्धतीचं कुंकू बनतं कशाचं? हळदीचंच! हळकुंडांवर क्षारांची प्रक्रिया करून त्यांचा रंग लाल करतात आणि मग दळतात. म्हणजे कोयरीच्या दोन्ही वाट्यांत एकच झाड बसलेलं असतं. आता बाजारात तयार रंग घातलेलं कुंकू पुष्कळ मिळतं, त्याची गोष्ट वेगळी. पण हळदीचं खरं कुंकू जेव्हा जेव्हा कुणी केलं, तेव्हा तेव्हा त्यानं माझ्या भाचीच्या फ्रॉकवरचाच प्रयोग केला.

फ्रॉकचं काय झालं? तो धुऊन दिवसभर कडक उन्हात वाळत टाकला. करक्युमिनला ऊन सोसत नाही. उजेडानं त्याचा रेणू मोडतो आणि रंग उडतो. दोन दिवसांत डाग इतका फिका झाला की भाचीला वाईटच वाटलं.

पण मी गोष्ट मधूनच सुरू केली. लग्नघरात हळद येते ती अशी वाटीत कालवून नाही. ती येते आठ-दहा दिवस आधी, सुपात, हळकुंडं होऊन. त्या दिवसाला कुणी मुहूर्त करणं म्हणतं, कुणी हळद फोडणं. सकाळी अंगण सारवायचं, रांगोळी घालायची. उखळ मांडायचं. दोन मुसळं घ्यायची, त्यांना आंब्याची पानं आणि हळकुंड दोऱ्यानं बांधायचं आणि पाच सवाष्णींनी मिळून उखळातली हळकुंडं कांडायची. एका वेळी उखळात किंवा जात्यात जेवढं घालतात, तेवढा एक घाणा. म्हणून या कामाला ‘घाणा भरणं’ असंही नाव आहे. प्रत्येक घरची रीत थोडी वेगळी. कुठे गहू, कुठे उडीद, कुठे सुपारी. आमच्याकडे हळकुंडंच.

पहिला घाव बसला आणि हळकुंड टुणकन उडून थेट तुळशीवृंदावनापाशी गेलं. भाचीनं ते उचललं, दाढेखाली धरलं आणि तोंड वाकडं केलं. “मावशी, हे तर दगड आहे!”

अगदी बरोबर. ओली हळद आल्यासारखी असते, सुरीनं सहज कापली जाते. मग हळकुंड एवढं टणक का? कारण ते शिजवून वाळवलेलं असतं. शेतातून काढलेली हळद मोठ्या काहिलीत किंवा आजकाल वाफेच्या बॉयलरमध्ये शिजवतात. शिजली की नाही हे बघायला शेतकरी हळकुंडात काडी टोचतात; काडी आरपार गेली की झालं. हळदीत पिठूळ भाग पुष्कळ असतो. शिजल्यावर त्या पिठाची खळ होते. मग दहा-पंधरा दिवस उन्हात वाळली की ती खळ आवळून काचेसारखी घट्ट बसते. पातेल्याच्या काठाला चिकटून वाळलेलं भाताचं शीत नखानं काढायचा प्रयत्न केला आहे कधी? तोच प्रकार. शिजवल्यामुळे आणखी एक गोष्ट होते. करक्युमिन सगळ्या हळकुंडात सारखं पसरतं आणि रंग आतपर्यंत एकसारखा येतो. वाळून वाळून 100 किलो ओल्या हळदीची जेमतेम 20 किलो सुकी हळद उरते. मग ती पिंपात घालून फिरवतात, एकमेकींवर घासून साल निघते आणि चकाकी येते. याला हळद पॉलिश करणं म्हणतात.

आमची हळकुंडं सांगलीची होती. सांगली म्हणजे हळदीची मोठी पेठ. तिथल्या बाजारात हळदीचे सौदे निघतात. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याआधी 2016 मध्ये वर्धा जिल्ह्यातल्या वायगावच्या हळदीला मिळालं होतं. आणि सांगलीजवळच, कृष्णा आणि वारणा जिथे भेटतात, तिथे हरिपूर नावाचं गाव आहे. त्या गावाची हळद ठेवायची रीत ऐका. जमिनीत खोल खड्डा खणायचा, तोंड अरुंद, पोट मोठं, अगदी रांजणासारखं. त्याला पेव म्हणतात. आत हळद भरायची आणि तोंड मातीनं बंद करायचं. तिथली माती अशी की खड्डा ढासळत नाही. आत हवा जात नाही, म्हणून किडीला श्वास घेता येत नाही, आणि हळद वर्षानुवर्षं चांगली राहते. पेव उघडलं की लगेच कुणी आत उडी मारत नाही हं! किडीला जे लागू, तेच माणसालाही लागू. आधी हवा खेळू देतात, मगच माणूस उतरतो. 2005 च्या महापुरात यातली पुष्कळ पेवं पाण्याखाली गेली. तिथल्या लोकांच्या मनाला ते किती लागलं असेल! जमिनीच्या पोटात जपलेलं सोनंच ते.

तर हळकुंडं फुटली, तुकडे झाले, आता जातं. आमच्या घरी जातं वर्षभर जिन्याखाली उलटं पडून असतं. लग्नाच्या आधी ते बाहेर येतं, धुतलं जातं, त्याला आंब्याची पानं बांधली जातात. दोघी समोरासमोर बसतात आणि एकच खुंटा दोघी मिळून ओढतात. सगळी हळद काही जात्यावर दळत नाहीत आता. पाच मुठी जात्यावर, बाकीची गिरणीत. पण त्या पाच मुठी महत्त्वाच्या. कारण जातं फिरायला लागलं की कुणाच्या तरी ओठावर ओवी येतेच. आमच्या आईला आठ-दहा ओव्या येतात. तिच्या आईला किती यायच्या त्याची गणती नव्हती.

त्या ओव्या कुणी लिहून ठेवल्या का? ठेवल्या, आणि किती! हेमा राईरकर आणि फ्रान्समधून येऊन पुण्यात स्थायिक झालेले गी प्वातवाँ यांनी सहकाऱ्यांबरोबर गावोगाव हिंडून बायकांच्या तोंडून जात्यावरच्या 1 लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. 1 लाख! आणि त्या रचणाऱ्या बहुतेक बायकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. आईकडून लेकीकडे, सासूकडून सुनेकडे, जात्याच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे.

आता माझ्या मनातली सगळ्यात मोठी नवलाची गोष्ट. ती सांगायची म्हणूनच खरं तर मी हे लिहायला बसले.

भाची जात्याशेजारी मांडी घालून बसली होती. तिनं विचारलं, “मावशी, हळदीचं बी कसं असतं?”

मी म्हटलं, “नसतं.”

“म्हणजे छोटं असतं?”

“नाही गं, नसतंच.”

हळदीला फूल येतं. पावसाळ्यात, पानांच्या मधून, फिकट पांढऱ्या-गुलाबी पाकळ्यांसारखा एक सुंदर तुरा वर येतो आणि त्यात पिवळसर फुलं डोकावतात. पण त्यातून बी धरत नाही. का ते सांगते. प्रत्येक सजीवाच्या पेशीत गुणसूत्रं असतात. झाड कसं वाढायचं, पान केवढं, रंग कुठला, हे सगळं त्यांत लिहिलेलं. तुमच्या-माझ्या पेशीत गुणसूत्रांचे दोन संच असतात, एक आईकडून, एक वडलांकडून. बी तयार होण्याआधी या गुणसूत्रांना जोड्या जमवाव्या लागतात. दोघींनी हात धरायचे आणि मग नीट अर्धं-अर्धं वेगळं व्हायचं. अगदी फुगडीसारखं. हळदीत मात्र संच आहेत तीन! एकूण 63 गुणसूत्रं. आता तिघींची फुगडी कशी घालायची? दोघींनी हात धरले की तिसरी बाजूला उभी. वाटणी बिघडते, आणि बी काही होत नाही.

मग हळद लावतात कशी? कंदापासून. शेतकरी शेतातले चांगले गड्डे बाजूला काढतात, ते शिजवत नाहीत, सावलीत जपून ठेवतात. ते बेणं. मधला, सगळ्यात मोठा, तो जेठा गड्डा. त्याच्या कडेचे बगल गड्डे. आणि बोटांसारखी फुटतात ती हळकुंडं. अक्षय तृतीयेनंतर उन्हाळा सरता सरता बेणं मातीत जातं, आठ-नऊ महिन्यांनी पानं पिवळी पडून वाळतात आणि जमिनीखाली एका गड्ड्याचा पंजा झालेला असतो.

आता डोळे मिटून विचार करा. बी नाही म्हणजे ही हळद वाऱ्यानं उडून कुठे जाणार नाही. पाखरं फळ खाऊन तिचं बी लांब टाकणार नाहीत. पाण्यावरून तरंगत बी जाईल, तर तेही नाही. तरी ती कोकणातल्या परसात आहे, सांगलीच्या मळ्यात आहे, केरळात आहे, आसामात आहे, समुद्रापलीकडे इंडोनेशियातही आहे. कशी पोचली? कुणीतरी गड्ड्याचं एक बोट मोडलं आणि दुसऱ्याच्या हातात ठेवलं. त्यानं लावलं, त्याचा पंजा झाला, त्यातलं एक बोट त्यानं पुढे दिलं. हजारो वर्षं हेच चाललंय. तुमच्या भाजीतली चिमूटभर हळद ही अशा न तुटलेल्या साखळीचं टोक आहे. मध्ये एका पिढीनं जरी कंटाळा केला असता, तरी त्या घरची हळद तिथेच संपली असती.

आणि लग्नाच्या मांडवाच्या दाराशी कोण उभं असतं, आठवतं? केळीचे खांब. आपण खातो ती केळी कापून बघा, बी दिसतं का? मध्यावर नुसते काळे ठिपके. कारण आपल्या खाण्यातल्या बहुतेक केळींतही गुणसूत्रांचे तीनच संच असतात! केळही बियांनी वाढत नाही. बुंध्याशी फुटलेला मुनवा काढून दुसरीकडे लावावा लागतो. म्हणजे मांडवाच्या दारात केळ आणि मांडवाच्या आत हळद, दोघीही माणसाच्या हातून इथवर आलेल्या. पहिल्यांदा हे लक्षात आलं तेव्हा मी मांडवाच्या दारात चांगली पाच मिनिटं थबकले होते. मागून आचारी ओरडत होता, बाई, वाट सोडा.

हळदीच्या आदल्या दिवशी आमच्याकडे कासारमावशी चुडा भरायला आल्या. इथे थोडी वाकडी वाट करते, कारण यातही एक गंमत आहे. काचेच्या बांगडीचं माप सांगताना म्हणतात दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ. मला लहानपणी वाटायचं, दोन-चार म्हणजे दोन पूर्णांक चार दशांश. चूक! दोन-चार म्हणजे दोन इंच आणि वर एका इंचाचे सोळा भाग केले तर त्यातले चार. म्हणजे सव्वादोन इंच. दोन-आठ म्हणजे अडीच इंच. दोन-बारा म्हणजे? सांगा बघू! पावणेतीन. दशांश आले, मीटर आले, किलो आले, पण कासारमावशींच्या पेटीत अजून सोळावे भाग सुखात नांदतात.

आणि सव्वादोन इंचांची बांगडी तिच्याहून रुंद तळव्यातून जाते कशी? मावशींनी माझा अंगठा हलकेच तळव्याच्या आत, करंगळीच्या दिशेला दाबला. अंगठ्याच्या मुळाशी असलेलं हाड इतर बोटांच्या हाडांपेक्षा जास्त मोकळं असतं, ते आत वळतं आणि सबंध पंजा नळीसारखा होतो. बोलता बोलता, हात सैल सोड गं म्हणता म्हणता, बांगडी मनगटात. एखादी तडकली तर ‘फुटली’ म्हणायचं नाही, ‘वाढवली’ म्हणायचं. लग्नघरात भाषासुद्धा सांभाळून पाऊल टाकते.

देवकाचंही सांगायला हवं. लग्नाआधी देवक बसवतात. आमचं देवक पंचपालवीचं, पाच झाडांच्या डहाळ्या. आमच्या शेजाऱ्यांचं कळंबाचं. कुणाचं वड, कुणाचं उंबर, कुणाचं मोराचं पीस. जे झाड तुमचं देवक, ते तोडायचं नाही, त्याला इजा करायची नाही, ते घरातलं वडीलधारं. गावातल्या प्रत्येक घराचं एकेक झाड असं नात्यातलं असलं, तर विचार करा, गावात किती झाडांना राखणदार मिळाले! मला ही रीत फार आवडते.

आणि मग तो दिवस. नवरदेव पाटावर. दळलेली हळद पितळी वाटीत. भाचीनं बघितलं, आईनं वाटीत आधी तेल घातलं. “पाणी का नाही?”

हळद पाण्यात विरघळत नाही म्हणून. ग्लासभर पाण्यात हळद ढवळा आणि ठेवून द्या. थोड्या वेळानं ती तळाशी जाऊन बसलेली दिसेल. आता चमचाभर तेलात ढवळा. हळदीची पूड खाली बसली तरी तेल मात्र सोनेरी होतं, कारण करक्युमिनची मैत्री तेलाशी आहे. आई फोडणीच्या तेलातच हळद टाकते ती उगीच नाही; तेल रंग उचलतं आणि सगळ्या वरणात पसरवतं. अंगाला लावायच्या हळदीतही तेल असलं की ती छान पसरते आणि कातडीला धरून राहते. दुकानात खोट्या नोटा ओळखायचा जांभळट दिवा असतो ना, त्याखाली हे हळदीचं तेल धरलं तर ते हिरवट पिवळ्या उजेडानं चमकतं. मोठ्या माणसांना बरोबर घेऊन बघा, आणि दिव्याकडे थेट बघायचं नाही.

आमच्याकडे आंब्याच्या पानानं हळद लावतात. आधी पाय, मग गुडघे, मग खांदे, मग कपाळ. पाच सवाष्णी झाल्या की मग आत्या, काकू, मामी, आणि शेवटी भावंडं, ज्यांना पान वगैरे काही लागत नाही. आपल्याकडे म्हण आहे, अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणं. थोडंसं मिळालं की फुशारणाऱ्याला म्हणतात. पण खरं सांगू? हळदीच्या वजनात करक्युमिन असतं शंभरात साधारण दोन ते सहा भाग, तरी तेवढ्यानं वाटी, पाट, धोतर, अंगण आणि भावाचे कान सगळं पिवळं झालं होतं. अर्धं हळकुंड फार असतं हो!

गर्दीत कुणीतरी भाचीला म्हणालं, “तू पण लाव, गोरी होशील.” हे मला मुळीच पटलं नाही, आणि तुम्हालाही कुणी म्हणालं तर पटवून घेऊ नका. आपल्या कातडीचा रंग ठरतो मेलॅनिन नावाच्या द्रव्यामुळे, आणि ते आपलं उन्हापासून रक्षण करतं. हळद त्याला पुसत नाही, पुसायचं कारणही नाही. ‘पी हळद, हो गोरी’ ही म्हणसुद्धा उतावळ्या माणसासाठी आहे, सौंदर्याची कृती म्हणून नव्हे. हळद लावायची ती माया म्हणून. वर्षभर ज्या काकाशी भाऊ दोन शब्द बोलला नव्हता, त्या काकांनी त्याच्या गालाला हळद लावली आणि दोघंही काही न बोलता हसले. मी शेजारीच उभी होते.

बोट कापलं की आजी हळद दाबून धरते, हे तुम्हाला माहीत आहे. पण या साध्या गोष्टीवरून एकदा मोठा वाद झाला होता. 1995 मध्ये अमेरिकेत दोन संशोधकांना ‘जखम भरायला हळद वापरणं’ यावर पेटंट मिळालं. पेटंट म्हणजे ही युक्ती नवी आहे आणि आमची आहे, असा सरकारी शिक्का. आपल्या देशाच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेनं याला हरकत घेतली. तेव्हा तिचे महासंचालक होते डॉ. रघुनाथ माशेलकर, मूळचे गोव्यातल्या माशेलचे. त्यांच्या संस्थेनं जुन्या ग्रंथांतून आणि लेखांतून 32 पुरावे काढले, काही संस्कृत, काही उर्दू, काही हिंदी, आणि दाखवून दिलं की हे तर आमच्याकडे केव्हापासूनच माहीत आहे. 1997 मध्ये ते पेटंट रद्द झालं. हे वाचलं तेव्हा मला आमच्या आजीच्या ट्रंकेपेक्षा तिचा हळदीचा डबा जास्त मोलाचा वाटला.

भावाची हळद झाली. वाटीत थोडी उरली. उरली म्हणजे मुद्दाम उरवली. हिला म्हणतात उष्टी हळद. नवरदेवाला लावून राहिलेली हळद नवरीच्या घरी न्यायची आणि मग ती नवरीला लावायची. वाटीवर केळीचं पान झाकलं, त्यावर रुमाल बांधला, आणि आम्ही सात जण जीपमध्ये बसलो. वाटी कुणाच्या मांडीवर? भाचीच्या. 22 किलोमीटर ती हललीसुद्धा नाही. प्रत्येक खड्ड्याला ती वाटीवर दोन्ही हात घट्ट धरायची.

अर्ध्या वाटेत ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “मावशी, म्हणजे हळद अशीच सगळीकडे गेली ना? कुणाच्या तरी मांडीवर बसून?”

मला बोलताच येईना. मी मान हलवली.

नवरीच्या दारात तिच्या आईनं वाटी घेतली, भाचीला ओवाळलं आणि तिच्या हातावर बर्फी ठेवली. मग तीच हळद, तेच तेल, आंब्याची ताजी पानं, आणि दुसऱ्या अंगणातल्या दुसऱ्या पाच सवाष्णी.

लग्न लागायच्या आधी दोघांच्या हाताला काकण बांधलं, दोऱ्यात ओवलेलं एक-एक हळकुंड. लग्नानंतर काकण सोडलं तेव्हा भावाचं हळकुंड भाचीनं मागून घेतलं. घरी जाऊन कुंडीत लावलं. रोज पाणी. एक आठवडा गेला, दोन गेले, तीन गेले. कोंब नाही. शेवटी तिचा फोन आला, आवाज रडवेला. “मावशी, मेलं ते.”

मी तिला हळकुंडाच्या काहिलीची आठवण करून दिली. शिजवलेल्या हळकुंडातला डोळा कसा उघडेल? उकडलेला बटाटा उगवतो का? बाजारातून आणलेलं वाळकं हळकुंड कितीही सुंदर असो, ते आता झोपेतून उठायचं नाही. लावायचं तर बेणं हवं. मग ज्येष्ठात आमच्या ओळखीच्या शेतकऱ्याकडून दोन ओले गड्डे आणले, फुगीर डोळे असलेले, आणि तिला पोचवले. बोटभर खोल माती, पाणी साचणार नाही अशी कुंडी. महिन्याच्या आतच गुंडाळलेल्या कागदासारखा हिरवा कोंब वर आला. श्रावणात पानं हातभर झाली, आणि नागपंचमीला तिच्या आईनं त्यातली चार कापून पातोळ्या केल्या. तांदळाचं पीठ, आत गूळ-खोबरं, आणि वाफेबरोबर सगळ्या घरभर हळदीच्या पानाचा वास. भाचीनं मला फोनवरून तो वास कळवायचा प्रयत्न केला.

माघात पानं वाळली. मी मुद्दाम तिच्याकडे गेले होते. तिनं कुंडी उलटी केली, माती झटकली, आणि आतून हा पंजा निघाला! जेठा गड्डा मध्ये, कडेला बोटं. आम्ही मोजली, 11. तिनं त्यातलं एक बोट कट्टकन मोडलं, आतला केशरी रंग बघितला, आणि शेजारच्या दोघी मैत्रिणी उभ्या होत्या त्यातल्या एकीच्या हातावर ठेवलं.

“हे घे. वैशाख संपला की लाव.”

“आणि याचं बी?” मैत्रिणीनं विचारलं.

भाचीनं हातावरची माती झटकली आणि दोन्ही हात पुढे केले. “ये, आपण तिघी फुगडी घालू. मग कळेल.”